ख्रिस्ती संन्यस्त जीवन : मठाबाहेरील प्रवाह (महाराष्ट्र)

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते, ठराविक वेळांची नित्य उपासना आणि समूहाने पाळावयाचा लिखित नियम ही ख्रिस्ती मठजीवनाची परंपरागत अंगे होत. मठाच्या आवाराबाहेर, लोकवस्तीत व प्रसंगी गृहस्थाश्रमात राहून ही अंगे सर्वांशाने वा अंशतः आचरण्याच्या प्रयत्नांना मठाबाहेरील संन्यस्त जीवन असे म्हणता येईल. महाराष्ट्रात या प्रयत्नांचा विशेष विकास विसाव्या शतकात झाला. नारायण वामन टिळकांचा सातारा येथील ‘देवाचा दरबार’ (१९१७) आणि जॉन कॉप्ली विन्स्लो यांनी अहमदनगर येथे स्थापिलेला व पुढे पुण्यास स्थिरावलेला ख्रिस्त सेवा संघ (१९२२) ही त्याची दोन प्रमुख रूपे. या दोहोंसमोर एकच प्रश्न होता : व्रतस्थ जीवन मूठभर ब्रह्मचाऱ्यांचे, की संसारी ख्रिस्ती माणसाचेही? या प्रश्नाने टिळकांच्या संन्यासाला त्याचे वेगळेपण दिले आणि विन्स्लो यांच्या संघाची दोन शकले केली.

मठ व लोकवस्ती यांतील अंतर ख्रिस्ती इतिहासात सतत कमीअधिक होत आलेले आहे. ईजिप्तच्या वाळवंटात एकांतवास पतकरणाऱ्या संत अँटनीनंतर पकोमिअस याने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात सामूहिक मठजीवनाची घडी बसविली आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमाने पश्चिम यूरोपातील मठांना स्थिर रूप दिले. या नियमानुसार मठवासी एकाच मठाशी जन्मभर बांधलेला असे. तेराव्या शतकात अ‍ॅसिसीच्या संत फ्रान्सिसने (सु. ११८२–१२२६) हे बंधन सैल केले. त्याचे बंधुजन गावोगाव हिंडत, भिक्षा मागत व उपदेश करीत. घरदार न सोडता त्या नियमाची छाया जीवनावर धरू इच्छिणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी ‘तृतीय संघ’ ही व्यवस्था निर्माण झाली आणि १२२१ मध्ये तिच्या नियमांस लिखित रूप मिळाले. पहिला संघ व्रतस्थ बंधूंचा, दुसरा भगिनींचा व तिसरा गृहस्थांचा, ही त्रिविध रचना पुढे पुण्यातही अवतरणार होती. धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंट देशांतील मठ बहुतेक नष्ट झाले. इंग्लंडच्या चर्चमध्ये व्रतस्थ संस्थांचे पुनरुज्जीवन झाले, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मठ आले ते पोर्तुगीज सत्तेबरोबर. सोळाव्या शतकात वसई व साष्टी या भागांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संप्रदायांनी मठ बांधले. वसईच्या किल्ल्यातील भग्न वास्तू आणि बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांनी उभारलेल्या मठ-महाविद्यालयाचे अवशेष त्या काळाची साक्ष देतात. हे मठ जमीनजुमला बाळगणारे होते व त्यांच्या व्रतस्थ वर्गात एतद्देशीयांना सहसा प्रवेश नसे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन संप्रदायात शिरला, तो फिलिपीन्समधील मॅनिला येथे. आणि तेथेही सामान्य बंधू म्हणूनच. जपानमध्ये नागासाकी येथे १५९७ साली त्यास क्रूसावर मारण्यात आले व १८६२ मध्ये त्यास संतपद मिळाले.

मराठ्यांनी १७३७–३९ मध्ये साष्टी व वसई जिंकल्यावर मठ ओस पडले. ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या (स्थापना २००२) हद्दीत येणाऱ्या भाईंदर, उत्तन, डोंगरी यांसारख्या गावांतील कोळी, शेतकरी व आगरवाले कुटुंबांनी मठांच्या आधारावाचून आपली उपासना चालू ठेवली. गावठाणातील क्रूसापुढील सामूहिक प्रार्थना, घरात सायंकाळी म्हटली जाणारी जपमाळ, उपवासाचा काळ व सणांचे वर्षचक्र यांवर तिचा भर होता. तिला मठजीवन म्हणता येणार नाही. परंतु मठ गेले तरी नियमबद्ध भक्ती घराघरांत टिकू शकते, हे या किनाऱ्यावर दोन शतकांहून अधिक काळ दिसून आले आहे.

ब्रिटिश अमदानीत घाटमाथ्यावर जो प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज उदयास आला, त्याची परिस्थिती वेगळी होती. येथे मठ नव्हते. होते ते मिशनचे आवार. त्यात मिशनऱ्याचा बंगला, शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि एतद्देशीय उपदेशकांची घरे असत. धर्मांतर केलेल्या व्यक्तीला जात व कुटुंब यांनी टाकल्यामुळे ती या आवारात येऊन राही आणि तेथेच नोकरी करी. परिणामी आवाराची भिंत मठाच्या भिंतीपेक्षाही उंच झाली. मठाच्या भिंतीने निदान आतील सर्वांना एका पंगतीस बसविले असते. मिशनच्या आवारात बंगला व चाळ यांचे अंतर कायम राहिले. एक पगार देणारा आणि दुसरा घेणारा, हे नाते धर्मबंधुत्वाच्या आड येत असे. महाराष्ट्रातील मठाबाहेरील संन्यस्त जीवनाच्या प्रयोगांना जी भिंत ओलांडावयाची होती, ती प्रामुख्याने ही होय.

व्रतस्थ जीवनाशी या समाजाचा पहिला निकटचा संबंध आला तो अँग्लिकन संस्थांमुळे. ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट संघाचे धर्मगुरू १८७४ मध्ये मुंबईस आले. पुण्यात त्यांचे कार्य पंचहौद परिसरात वाढले. त्यांच्या विनंतीवरून वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या भगिनी १८७७ मध्ये पुण्यास आल्या. काउली संघाशी निगडित असलेले मराठी नाव म्हणजे नीळकंठशास्त्री (नेहेमिया) गोरे (१८२५–९५) यांचे. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले व षड्दर्शनदर्पण या हिंदी ग्रंथाने त्यांनी तत्त्वचर्चेत नाव मिळविले. धर्मगुरूची दीक्षा घेतल्यावर १८७६ मध्ये ते काउली येथे गेले व संघात नवदीक्षित म्हणून दाखल झाले. मात्र अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. अत्यंत साधी राहणी, उपवास आणि सततची आत्मशंका हे त्यांच्या स्वभावाचे विशेष. संघाच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला हा संन्यस्त पुरुष आत का गेला नाही, याचे उत्तर त्यांच्या प्रकृतीत शोधावे, की परक्या चाकोरीत मावणे कठीण होते यात, हे ठरविणे अवघड आहे. दोन्ही कारणे संभवतात.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत मात्र कारण स्पष्ट आहे. पुण्यात वाँटेज भगिनींशी परिचय झाल्यावर रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या त्यांच्या शंकांचे निरसन होण्यास गोऱ्यांच्या लेखनाचे साहाय्य झाले होते. परंतु भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात आज्ञापालनाचा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला. चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे किंवा नाही, हे बिशपांनी ठरवावे, ही कल्पना रमाबाईंना मान्य नव्हती. एका धर्मसत्तेच्या बंधनातून मोकळे होऊन दुसऱ्या धर्मसत्तेला सदसद्‍विवेकबुद्धी वाहून टाकण्यास त्यांनी नकार दिला. पुढे केडगाव येथील मुक्ती सदनात त्यांनी नियमबद्ध प्रार्थना, श्रम आणि अपरिग्रह यांवर आधारलेला शेकडो स्त्रियांचा समुदाय उभा केला. तथापि त्याला व्रतस्थ संघाचे रूप दिले नाही.

या पाश्चात्त्य चौकटीला पर्याय म्हणून भारतीय संन्यासाचा विचार प्रथम ठामपणे मांडला तो बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी. त्यांनी १८९९ मध्ये जबलपूरजवळ नर्मदातीरी कॅथलिक मठ स्थापण्याचा प्रयत्न केला. तथापि चर्चच्या वरिष्ठांच्या विरोधामुळे तो फलद्रूप झाला नाही. महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण लागणे स्वाभाविक होते. येथे महानुभाव व रामदासी यांचे मठ असले, तरी लोकांच्या मनावर पगडा होता तो वारकरी संतांचा, म्हणजे बहुतांशी प्रापंचिकांचा. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांना व त्यांच्या मुलांना समाजाने काय भोगावयास लावले, हे ज्ञानेश्वरांच्या चरित्रातून सर्वांना ठाऊक होते. दोन आश्रमांमधील रेषा ओलांडणाऱ्याची गय होत नाही आणि तरीही त्या रेषेपलीकडून आलेली मुलेच अखिल समाजाची गुरू ठरतात, ही कथा मराठी ख्रिस्ती माणसाच्याही वारशाचा भाग होती.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे या वारशाचे जाणते वारसदार होत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत, अहमदनगर येथे गेला; १९०४ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन, कीर्तने, अभंग व ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य यांतून त्यांनी ख्रिस्तभक्तीला वारकरी वळण दिले. मात्र मिशनच्या वेतनावर जगणारा उपदेशक हिंदू समाजाच्या दृष्टीने गुरू होऊ शकत नाही, ही जाणीव त्यांना उत्तरोत्तर बोचू लागली. या देशात ज्याच्या उपदेशाला वजन असते तो साधू विकत घेतलेला नसतो. मिशनचा उपदेशक मात्र, मनाने कितीही निःस्पृह असला, तरी पगारी ठरतो. त्याच्या खरेपणाविषयी श्रोत्याच्या मनात किंतू राहतोच.

टिळकांनी अखेरीस मिशनची नोकरी सोडली व ८ सप्टेंबर १९१७ रोजी संन्यास घेतला. साताऱ्यास बिऱ्हाड करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या समुदायाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य या दरबारात येऊ शकत. पंथभेद व जातिभेद यांना तेथे थारा नव्हता. बाप्तिस्मा हा चर्चच्या सदस्यत्वाचा दरवाजा असल्याने, तो न ओलांडलेल्यांना शिष्यत्व देणे म्हणजे चर्चच्या रचनेलाच बगल देणे होय, असा आक्षेप त्यावर येऊ शकत होता. टिळकांचा हेतू चर्च मोडण्याचा नव्हता. ज्याला ख्रिस्त हवा आहे पण परकी संस्था नको आहे, त्याला उभे राहावयास जागा मिळावी एवढाच तो होता.

टिळकांच्या संन्यासाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे तो घर न सोडता घेतलेला होता. तरुणपणी ते अनेकदा घर सोडून गेले होते. धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६) पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले होते. आता भगवी वस्त्रे धारण केल्यावर मात्र ते कुटुंबाजवळच राहिले. हिंदू धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही विसंगती होती. मठाच्या कॅथलिक कल्पनेतही ती बसणारी नव्हती आणि टिळकांच्या प्रॉटेस्टंट सहकाऱ्यांना तर संन्यास या शब्दाचेच वावडे होते. तिन्ही बाजूंनी न बसणाऱ्या या अवस्थेचा व्यावहारिक भार लक्ष्मीबाईंवर पडला. ठराविक पगार बंद झाल्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांचे आदरातिथ्य कोणी करावयाचे, हा प्रश्न संन्याशाच्या व्रतांत नोंदलेला नसतो. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्रातून या संसाराचे जे विनोदी व तितकेच निर्भीड चित्र उभे राहते, ते गृहस्थ-संन्यासाच्या कोणत्याही तात्त्विक विवेचनापेक्षा अधिक बोलके आहे.

दरबाराला दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि नियम, वारसा व निधी यांपैकी काहीच निश्चित नसलेला हा समुदाय त्यांच्यामागे टिकला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दरबार पूर्ण करणे कोणा एका व्यक्तीच्या हातचे नव्हते.

टिळकांच्या विचाराचा धागा पुढे एका इंग्रज धर्मगुरूने उचलला. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकलेले जॉन कॉप्ली (जॅक) विन्स्लो (१८८२–१९७४) हे १९१४ मध्ये अँग्लिकन मिशनच्या वतीने भारतात आले व अहमदनगर येथे काम करू लागले. मिशनऱ्याचा बंगला, नोकरचाकर व युरोपियन राहणी यांमुळे भारतीयांशी खरी मैत्री अशक्य होते, असे त्यांचे मत बनले. दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. टिळकांचे त्यांनी इंग्रजीत चरित्र लिहिले (१९२३). उपासनेच्या भारतीयीकरणाचा विचार त्यांनी द. रा. आठवले, फेस्टिंग व रॅटक्लिफ यांच्यासह लिहिलेल्या द युकॅरिस्ट इन इंडिया (१९२०) या पुस्तकात मांडला होता. इंग्लंडच्या उपासनापद्धतीचे भाषांतर भारतीयांच्या माथी न मारता पौर्वात्य सिरियन परंपरेच्या आधाराने भारतीय मनाला रुचेल अशी उपासना घडवावी, हे त्याचे सूत्र. मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांची या विचाराला सहानुभूती होती.

११ जून १९२२ रोजी, संत बर्नबासच्या सणादिवशी, अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना झाली. विन्स्लो यांच्यासमवेत काही भारतीय ख्रिस्ती सहकारी होते. आदल्याच वर्षी तमिळनाडूतील तिरुपत्तूर येथे जेसुदासन व पेटन या डॉक्टरांनी ख्रिस्तकुल आश्रम सुरू केला होता. प्रॉटेस्टंट आश्रमांच्या चळवळीतील हे दोन आरंभबिंदू होत. संघाची राहणी जाणीवपूर्वक देशी होती. जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, साधे कपडे, सामाईक खर्च, सकाळचे मौन व ध्यान, मराठी भजने, अध्ययन आणि खेड्यांतून भ्रमंती असा तिचा क्रम होता. भारतीय व युरोपियन यांनी समान पातळीवर एका छपराखाली राहावे, हा मुख्य दंडक. आज तो साधा वाटतो. पण त्या काळच्या मिशनच्या आवारात एका ताटाचा प्रश्न हा धर्मशास्त्रातील कोणत्याही प्रश्नाइतकाच नाजूक होता. मूळ कल्पनेनुसार संघाचे दार विवाहित व अविवाहित, स्त्री व पुरुष अशा सर्वांना खुले होते. येथे टिळकांची छाया स्पष्ट दिसते.

यानंतर संघाचे स्वरूप झपाट्याने पालटले. विन्स्लो यांच्या आवाहनावरून १९२७ च्या अखेरीस इंग्लंडहून तरुणांची एक तुकडी भारतात आली. तीत ऑक्सफर्डचे व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) व केंब्रिजचे अ‍ॅल्जी रॉबर्टसन हे होते. १९२८ मध्ये पुण्यास शिवाजीनगर येथे आश्रमाची वास्तू सिद्ध झाली. नव्या सभासदांपैकी अनेकांचा ओढा संत फ्रान्सिसच्या आदर्शाकडे होता. त्यांना ब्रह्मचर्याची व्रते, निश्चित नियम व व्रतस्थ संघाची शिस्त हवी होती. त्यानुसार व्रतस्थ बंधूंचा प्रथम संघ व संसारी सहानुभूतीदारांचा तृतीय संघ अशी फ्रान्सिस्कन धाटणीची रचना आकारास आली. मूळच्या कुटुंबवत्सल समुदायातील भारतीय गृहस्थ सभासद त्यामुळे आपसूक दुय्यम पायरीवर गेले. समतेसाठी जन्मलेल्या संस्थेत व्रतांच्या मार्गाने विषमता शिरली. ती कोणी हेतुतः आणली नव्हती आणि म्हणूनच ती ओळखण्यास वेळ लागला.

दुसरा ताण राजकारणाचा होता. एल्विन जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीस जाऊन आले व गांधीजींच्या सहवासाने भारावून गेले. संत फ्रान्सिसचे दारिद्र्य व सत्याग्रहाचे स्वेच्छादारिद्र्य त्यांना एकाच जातीचे वाटू लागले. ख्राइस्ट अँड सत्याग्रह (१९३०) हे त्यांचे पुस्तक आणि विन्स्लो यांच्यासह लिहिलेले द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम (१९३१) यांतून संघाचा राष्ट्रीय चळवळीकडील कल उघड झाला. राजसत्तेशी जोडलेल्या चर्चच्या आश्रमात खादी व सत्याग्रह यांचा पुरस्कार होणे शासन व चर्चचे वरिष्ठ या दोहोंनाही गैरसोयीचे होते. एल्विन व संघातील मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी अखेर पुणे सोडण्याचे ठरविले. वल्लभभाई पटेल व जमनालाल बजाज यांच्या सल्ल्याने ते गोंडांच्या प्रदेशाकडे वळले. जानेवारी १९३२ च्या आरंभी गांधीजींना मुंबईच्या मणिभवनात अटक झाली तेव्हा एल्विन तेथेच होते; त्याच महिनाअखेर ते व हिवाळे मंडला जिल्ह्यातील करंजियानजीकच्या एका टेकडीवर झोपडी बांधून राहू लागले.

संत फ्रान्सिसच्या नावाने सुरू झालेली ही झोपडीतील वस्ती म्हणजे मठाबाहेरील जीवनाचे टोकाचे रूप होय. बाजूला लहानसे प्रार्थनास्थळ, शाळा, औषधोपचार व कुष्ठरोग्यांची शुश्रूषा एवढाच तिचा पसारा. धर्मांतराचे काम करावयाचे नाही हा त्यांचा निश्चय होता आणि नागपूरच्या बिशपांना तो मान्य होणे शक्य नव्हते. त्यांनी एल्विन यांना उपासनाविधी चालविण्याची अनुज्ञा नाकारली. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चचा त्याग केला व पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून ते विख्यात झाले. त्यांच्या कीर्तीच्या प्रकाशात हिवाळे काहीसे झाकोळून गेले, हे खरे. वास्तविक गोंड सेवा मंडळाचा (नंतरचे भूमिजन सेवा मंडळ) दैनंदिन भार मुख्यतः त्यांनी वाहिला, शाळा व दवाखाना चालविला आणि प्रधानांवरील द प्रधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली (१९४६) हा ग्रंथ लिहिला. एल्विन ईशान्य भारतात गेल्यावरही हिवाळे त्याच मुलखात राहिले. एकाच ठिकाणी जन्मभर राहण्याचे बेनेडिक्टच्या नियमातील व्रत कोणी घ्यावयास न लावताही त्यांनी पाळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुण्यात उरलेल्यांमधील पेच १९३४ मध्ये फुटीने सुटला. ब्रह्मचर्यव्रतींनी ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने वेगळी संस्था केली. शिवाजीनगरचा आश्रम तिच्याकडे राहिला. विवाहित-अविवाहितांची संमिश्र शाखा ख्रिस्त सेवा संघ हे मूळ नाव घेऊन वेगळी झाली. विन्स्लो त्याच सुमारास इंग्लंडला परतले. ते काही काळ ऑक्सफर्ड ग्रूप या चळवळीत होते आणि नंतर डेव्हनमधील ली अ‍ॅबी या, गृहस्थ व अविवाहित अशा दोहोंच्या निवासी समुदायात धर्मगुरू म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. अहमदनगरला त्यांना जे साधावयाचे होते, त्याच्याशी ली अ‍ॅबीचे साम्य नजरेत भरते. प्रेम सेवा संघाचे आचार्यपद विल्यम क्विनलन लॅश यांच्याकडे आले. आश्रमाचा आचार्य १९४७ मध्ये मुंबईचा बिशप झाला, ही घटना पंधरा वर्षांपूर्वी अकल्पनीय वाटली असती.

पुण्याच्या प्रयोगाचे सर्वांत दूरगामी फळ मात्र भारताबाहेर आले. प्रकृती ढासळल्याने १९३० च्या सुमारास परतलेले रॉबर्टसन संघाची तत्त्वे व नियम आपल्याबरोबर इंग्लंडला घेऊन गेले होते. तेथे बेकार, भटक्या मजुरांमध्ये राहणाऱ्या डग्लस डाउन्स यांच्या बंधुसंघाशी त्यांच्या गटाचे एकीकरण होऊन १९३७ मध्ये सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस ही अँग्लिकन संस्था निर्माण झाली. तिने पुण्याच्या संघाची तत्त्वे आपली म्हणून स्वीकारली. महिन्याच्या दिवसांप्रमाणे भाग पाडलेली ही तत्त्वे, प्रार्थना, अध्ययन व कर्म हे तीन मार्ग आणि नम्रता, प्रेम व आनंद या तीन खुणा यांभोवती गुंफलेली आहेत. या संस्थेच्या तृतीय संघाचे विवाहित व नोकरीधंदा करणारे सभासद अनेक देशांत आहेत आणि त्यांच्या नित्यपाठात या तत्त्वांचा दैनिक भाग असतो. ज्या त्रिविध रचनेने पुण्यात गृहस्थांना खालच्या पायरीवर नेले, तिचाच तिसरा स्तर अशा रीतीने जगभर गृहस्थांच्या व्रताचा आधार झाला. पुण्यात हा स्तर इंग्रज ब्रह्मचाऱ्यांच्या छायेत राहिला. इतरत्र वंशभेदाचा व राज्यकर्तेपणाचा भार नसल्याने त्याला स्वतःच्या पायावर उभे राहता आले, असा याचा अर्थ लावता येईल.

रोमन कॅथलिक पंथातही याच काळात अशा जीवनास मान्यता मिळत गेली. सहारात एकाकी राहून १९१६ मध्ये मारल्या गेलेल्या शार्ल द फूको याच्या आदर्शावर १९३३ पासून मजूरवस्तीत राहणाऱ्या बंधूंचे व त्यानंतर भगिनींचे संघ निघाले. पोप बारावे पायस यांनी १९४७ मध्ये व्रते घेऊनही समाजात सामान्य व्यावसायिक म्हणून राहणाऱ्यांच्या संस्थांना अधिकृत स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) इतर ख्रिस्ती पंथांशी व इतर धर्मांशी संवादाचा मार्ग मोकळा केला.

त्याचा एक परिणाम शिवाजीनगरात दिसला. ब्रह्मचाऱ्यांची संख्या घटत जाऊन ओस पडलेला आश्रम १९७२ मध्ये पुन्हा उघडला, तो स्त्रियांनी. सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी यांनी मिळून येथे एकत्र निवास सुरू केला. वाँटेजच्या ज्या संघाने १८७७ मध्ये पुण्यात मठाची शिस्त आणली, त्याच संघाच्या भगिनी जवळजवळ शतकानंतर मठ सोडून आश्रमात राहावयास आल्या. अँग्लिकन चर्च १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाले होते. त्यामुळे एकाच छपराखाली राहणाऱ्या या स्त्रिया दोन वेगळ्या चर्चना बांधलेल्या होत्या. त्या एकत्र जेवत, ध्यान करीत व एकत्र प्रार्थना म्हणत. परंतु प्रभुभोजनाच्या विधीत परस्परांना सहभागी करून घेण्यास चर्चचे नियम आड येत. आश्रमाच्या नित्य जीवनातील ही वेदना लपविण्याजोगी नव्हती. उपनिषदे व गीता यांतील वचने बायबलबरोबर वाचली जात आणि कोणत्याही धर्माच्या पाहुण्याला काही दिवस राहून साधना करता येई. काही ख्रिस्ती मंडळींना हे खटकले, तर काही हिंदूंना आश्रम हे नाव धर्मप्रसाराचे नवे साधन वाटले.

या पर्वातील दोन व्यक्ती विशेष उल्लेखनीय होत. पारशी कुटुंबात जन्मलेल्या भगिनी वंदना यांनी गुरूज, आश्रम्स अँड ख्रिश्चन्स (१९७८) या पुस्तकात आश्रमजीवनाची मांडणी केली. मठ संस्थेच्या नियमाने चालतो, तर आश्रम गुरूच्या साधनेभोवती उभा राहतो, हा तिचा गाभा. पुढे त्या हिमालयाच्या परिसरात गेल्या व तेथे त्यांनी जीवनधारा आश्रम स्थापिला. स्कॉटिश भगिनी सारा ग्रँट या मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असत. शांकर वेदान्ताच्या त्या गाढ्या अभ्यासक होत्या. ख्रिस्ती व्रते पाळीत असतानाच अद्वैताचा अनुभव प्रामाणिकपणे स्वीकारता येतो किंवा नाही, या प्रश्नाचा त्यांनी केंब्रिज येथील टीप व्याख्यानांत (१९८९) ऊहापोह केला. ती व्याख्याने १९९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वंदना उत्तरेकडे गेल्यानंतरही ग्रँट पुण्याच्या आश्रमात राहून शिकवीत व येणाऱ्याजाणाऱ्यांशी चर्चा करीत राहिल्या.